चांद्ररॉकेटाच्या उड्डाणाचे विमानातून चित्रीकरण

अंतराळवीरांना चंद्राकडे नेणाऱ्या रॉकेटाची चढाई उंचावर उडणाऱ्या विमानातून टिपण्याची पद्धत. जमिनीवरून रॉकेट फार वेळ नीट दिसत नाही. दमट हवा, ढग आणि वाढते अंतर आड येते. 14 नोव्हेंबर 1969 रोजी अपोलो 12 पावसाळी ढगांत शिरले आणि काही सेकंदांतच प्रेक्षकांच्या नजरेआड झाले.

अपोलो काळात या कामासाठी ईसी-135 ही जेट विमाने वापरत. त्यांच्या कुशीला बाहेरून बसवलेल्या कोशात प्रचंड दूरपल्ल्याचे भिंग आणि 70 मिमी फिल्मचा कॅमेरा असे. अपोलो 11 च्या (16 जुलै 1969) चित्रफितीत सर्वांत पाहण्यासारखा भाग येतो तो पहिला टप्पा गळून पडतानाचा. रॉकेल आणि द्रवरूप ऑक्सिजनवर जळणारी सॅटर्न 5 या चांद्ररॉकेटाची ज्वाळा विरळ हवेत फुगत जाते, रॉकेटापेक्षा कितीतरी रुंद होते. तप्त वायू उलटे वर चढून रॉकेटाच्या अंगालाही चाटू लागतात. 2 मिनिटे 42 सेकंदांनी, सुमारे 66 किमी उंचीवर, इंजिने विझतात, टप्पे वेगळे होतात, धुराचा पिसारा फुटतो. पुढच्या टप्प्यातल्या हायड्रोजनची ज्वाळा जेमतेम दिसते. तो क्षण थांबवून पुन्हा पाहावा, इतका सुंदर आहे. (दोन टप्प्यांमधली गोल कडी गरगरत खाली पडतानाचे प्रसिद्ध दृश्य मात्र विमानातले नव्हे. ते निर्मनुष्य चाचणी-उड्डाणात रॉकेटावरच बसवलेल्या कॅमेऱ्याने टिपले आणि तो कॅमेरा समुद्रातून परत मिळवला.)

अशा चित्रणाची खरी किंमत कळली ती कोलंबिया या शटल यानाच्या अपघातानंतर. जानेवारी 2003 मध्ये उड्डाणानंतर 82 सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. जमिनीवरच्या एका महत्त्वाच्या कॅमेऱ्याचा फोकस नेमका बिघडलेला होता. त्या आघातामुळे परतीच्या वाटेवर यान तुटले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्यामुळे जुलै 2005 मध्ये शटलची उड्डाणे पुन्हा सुरू झाली, तेव्हा नासाने डब्ल्यूबी-57 विमानांच्या नाकात कॅमेरे बसवले. ही विमाने 18 किमीवर उडतात. तिथे वातावरणाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग खाली राहतो, म्हणून चित्र स्वच्छ येते. आत दोघेच, दाबपोशाखात: पुढे वैमानिक, मागे उपकरणे सांभाळणारा. मूळ आराखडा ब्रिटिश कॅनबेराचा. भारतीय हवाई दलाने 2007 पर्यंत वापरलेले तेच विमान.