ईसीजी नॉर्मल, ऑक्सिजन ९९, मग बोटं वाकडी का होतात?

पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणाऱ्या भीतीचा झटका: छातीत धडधड, श्वास पुरेना, ओठाला मुंग्या, आता आपण जाणारच अशी खात्री. माणूस रात्री धावत कॅज्युअल्टीत पोचतो आणि थोड्या वेळात रिपोर्ट हातात, ईसीजी नॉर्मल, बोटाच्या क्लिपवर ऑक्सिजन ९९. मग कोणीतरी म्हणतंच, "काही नाही हो, मनाचे खेळ आहेत." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. काही नाही कसं? त्याच्या रक्ताची केमिस्ट्री त्या वेळी खरोखर बदललेली असते, ईसीजी ती मोजत नाही एवढंच.

पॅनिक अटॅकमध्ये आपण नकळत भराभर श्वास घ्यायला लागतो. खरंच पळत असतो तर ठीक होतं, स्नायूंनी भरपूर कार्बन डायऑक्साइड तयार केला असता, पण माणूस बसलाय खुर्चीत, म्हणजे तयार होतोय थोडा आणि बाहेर जातोय जास्त. धमनीच्या रक्तात त्याचा दाब एरवी ३५ ते ४५ मिमी पारा असतो तो घसरतो. हा वायू पाण्यात विरघळून कार्बोनिक अ‍ॅसिड होतं हे शाळेत झालंय, म्हणजे तो कमी झाला की रक्त अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट, त्याचं माप असलेला पीएच ७.४५ च्या वर. आता खरी गंमत. रक्तातलं साधारण निम्मं कॅल्शियम मोकळं आयन म्हणून फिरतं आणि बाकीचं बरंचसं अल्ब्युमिन या प्रोटीनला चिकटलेलं असतं. अल्ब्युमिनच्या निगेटिव्ह जागा हायड्रोजन आयननीही अडवलेल्या असतात, रक्त अल्कलाइन झालं की ते उठून जातात आणि तिथे कॅल्शियम जाऊन बसतं. एकूण कॅल्शियम तेवढंच, मोकळं मात्र कमी. आणि नर्व्हच्या सोडियम चॅनेलना, म्हणजे सोडियम आत सोडणाऱ्या दारांना, आवर घालतं ते मोकळंच, त्यामुळे चॅनेल जरा जास्तच सहज उघडतात, नर्व्ह विनाकारण फायर होतात, मुंग्या येतात, फारच झालं तर मनगट वाकतं, बोटं ताठ होऊन जुळतात, अंगठा तळव्याकडे वळतो. शिवाय कार्बन डायऑक्साइड कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं आणि आजूबाजूचं सगळं खोटं खोटं वाटतं.

ही वाकडी बोटं बघून "बाहेरची बाधा" म्हणणारे असतातच. श्वास शांत झाला की बोटं आपोआप सुटतात, क्रेडिट मांत्रिकाला. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा सल्लाही विसरा, दमा किंवा हार्टचा त्रास असेल तर तो अंगाशी येतो. आणि छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर पॅनिकच असेल असं घरी ठरवू नका, ईसीजी हवाच.

पण अटॅक निदान दिसतो तरी. रोजची अँग्झायटी अशी नाट्यमय नसते. सहा-सहा महिने बहुतेक दिवस कसली ना कसली काळजी, मान-खांदे आखडलेले, झोप लागत नाही, बारीकसारीक गोष्टीवर चिडचिड, आणि घरचे म्हणतात स्वभावच तसा आहे.

डिप्रेशनचं तर त्याहून अवघड, कारण लोक रडका चेहरा शोधत बसतात. कित्येक जण रडत नाहीत, ऑफिसला जातात, जोकही मारतात. बघायचं असतं ते हे की पूर्वी ज्यात रमायचा त्यातलं काही करावंसं वाटतं का. मित्राचा फोन वाजतोय, मोबाईल हातातच आहे, नाव दिसतंय, तरी उचलवत नाही. पहाटे लवकर जाग येते आणि पुन्हा झोप नाही, सकाळ सगळ्यात जड जाते, संध्याकाळी जरा बरं वाटतं (सगळ्यांचं असंच असतं असं नाही, काही जण उलट झोपूनच राहतात). भूक कमी किंवा जास्त, बोलणं-चालणं संथ, आपण कुणाच्या कामाचे नाही ही टोचणी. असं दोन आठवडे जवळजवळ रोज चाललं तर डॉक्टर गाठा. थायरॉईड बिघडला तरी बरंचसं असंच होतं, तेही तपासतात.

पीएचक्यू-९ ही डिप्रेशनसाठीची ९ प्रश्नांची चाचणी २००१ पासून जगभर वापरतात, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण जास्तीत जास्त २७. १० किंवा वर गेलात तर नीट तपासणी हवी, पण नुसत्या स्कोअरवर डिप्रेशनचा शिक्का मारणारी रील्स सोडून द्या. शेवटचा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याचा, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्य सोडून काहीही आलं तर एकूण बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला आणि डॉक्टरांकडे जा.