फोरेनिंगेन नॉर्डेन: काम आणि पैशांचं गणित

फोरेनिंगेन नॉर्डेन ही उत्तर युरोपातल्या नॉर्डिक देशांमध्ये सहकार्य वाढवायचं काम करणारी बिनसरकारी, ना-नफा संघटना. खरं तर ही एकच संघटना नाहीये, प्रत्येक देशाची आपापली वेगळी आहे, वेगळी घटना, वेगळा हिशोब, वेगळं चलन. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडनमध्ये ती १९१९ साली सुरू झाली, आइसलँडमध्ये १९२२ ला, फिनलंडमध्ये १९२४ ला (तिथे नाव पोह्योला-नॉर्डेन), आणि नंतर फेरो बेटं, ऑलंड, ग्रीनलँड इथेही. १९६५ पासून या सगळ्यांचा मिळून एक महासंघ आहे.

१९१९ च का, तर १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला होता आणि ती कटुता अजून पुरती गेली नव्हती, त्यात पहिलं महायुद्ध आलं, तिन्ही देश तटस्थ राहिले पण व्यापार अडकला, मग डिसेंबर १९१४ मध्ये तिन्ही राजे स्वीडनमधल्या माल्मोला भेटले, सरकारं मालाच्या देवाणघेवाणीसाठी एकमेकांकडे वळली, आणि युद्ध संपल्यावर लोकांना वाटलं की ही जवळीक फक्त राजे आणि मंत्र्यांवर सोडायला नको. नॉर्डिक कौन्सिल, म्हणजे या देशांच्या खासदारांची एकत्र संस्था, यायला १९५२ उजाडलं, म्हणजे सरकारी संस्थेच्या तीसेक वर्षं आधी लोकांची संस्था होती. ही गोष्ट पैशाचं गणित बघताना लक्षात ठेवा कारण आता चित्र बरंचसं उलटं झालंय.

सुरुवातीच्या कामातलं मला सगळ्यात भारी वाटतं ते इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांचं. डेन्मार्क आणि स्वीडन शतकानुशतकं एकमेकांशी लढलेत, आणि एकाच लढाईचा एका देशाच्या पुस्तकात पराक्रम तर दुसऱ्याच्या पुस्तकात लुटालूट असं होतं. मग संघटनांनी जाणकारांना एकमेकांची पुस्तकं वाचायला लावली आणि कुठे एकतर्फी लिहिलंय ते काढायला सांगितलं. असं काम सरकारी खात्याने केलं असतं तर लगेच वाद झाला असता, बिनसरकारी असण्याचा फायदा तो हाच.

आज नाव होतं ते जास्त करून नॉर्डजॉबमुळे. १९८५ पासून चालू असलेली ही योजना, तरुण मुलामुलींना उन्हाळ्यात शेजारच्या नॉर्डिक देशात नोकरी मिळवून देते, राहायची सोय आणि फिरणं-भेटणं पण बघते. काम साधंच असतं, हॉटेल, शेती, मासळीचा कारखाना वगैरे, पण पगार त्या देशाच्या नियमाप्रमाणे. शिवाय शाळांसाठी फुकट ऑनलाइन साहित्य, १९९७ पासून दर नोव्हेंबरला होणारा नॉर्डिक ग्रंथालय सप्ताह, गावागावांच्या मैत्रीच्या जोड्या. काही देशांत इन्फो नॉर्डेन हे माहिती केंद्रही संघटनेच्या ऑफिसमधूनच चालतं. राहायचं माल्मोत, नोकरी कोपनहेगनला, मग टॅक्स कुठे आणि पेन्शन कुठली, असे प्रश्न तिथे येतात, आणि नियम कुठे आडवे येतात ते पुढे राजकारण्यांपर्यंत पोचतं.

आता पैसे. पहिला झरा सभासदांच्या वर्गणीचा, पण माणशी वर्षाला काहीशे क्रोनर (तिकडचं चलन), त्यात ऑफिसचं भाडंही नीट निघायचं नाही. त्यात जुने सभासद वयस्कर होत चाललेत आणि तरुण नॉर्डजॉबला येतात, मजा करतात, वर्गणी भरून राहतातच असं नाही. जुन्या काळी मालमत्तेचा आधार होता, डॅनिश संघटनेने १९२४ मध्ये हिंड्सगाव्ह्ल नावाचा वाडाच घेतला आणि तिथे कोर्स, परिषदा भरायच्या. पण जुना वाडा म्हणजे छप्पर दुरुस्तीचा न संपणारा खर्च पण.

मोठा पैसा येतो तो नॉर्डिक मंत्रिपरिषदेकडून (या देशांच्या सरकारांची सहकार्य संस्था) आणि आपापल्या देशाच्या सरकारकडून. मंत्रिपरिषदेचं बजेट वर्षाला साधारण एक अब्ज डॅनिश क्रोनरच्या आसपास, देश आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात त्यात वाटा घालतात, आणि त्यातला छोटा हिस्सा प्रकल्पांच्या रूपाने संघटनांकडे येतो. प्रकल्पांच्या रूपाने, हे महत्त्वाचं. पैसा त्या कामालाच बांधलेला असतो, नॉर्डजॉबचा पैसा नॉर्डजॉबलाच. म्हणजे ताळेबंद बघितला तर उलाढाल दणदणीत दिसते पण मोकळा पैसा थोडाच, अकाउंटंटचा पगार आणि वीजबिल कुठल्या प्रकल्पात बसवायचं याची कसरत, आणि प्रकल्प संपला की माणसंही जातात. वर अनुदान डॅनिश क्रोनरमध्ये आणि खर्च स्वीडिश क्रोनर किंवा युरोत, त्यामुळे विनिमय दर हलला की तोही फटका. स्थानिक शाखा मात्र जवळजवळ पूर्ण स्वयंसेवकांवर चालतात, त्यांची मेहनत हिशोबात कुठेच दिसत नाही, म्हणून नुसता ताळेबंद वाचून संघटनेचा आकार ठरवणं माझ्या मते चूक आहे.

अडचण अशी की जे सरकार पैसा देतं त्याच्यावरच टीका करायची असते. जानेवारी २०१६ मध्ये स्वीडनने ओरेसुंड (डेन्मार्क-स्वीडनमधली सामुद्रधुनी) ओलांडणाऱ्यांची ओळखपत्रं तपासायला लावली, २०२० मध्ये कोरोनात सीमा बंद झाल्या, १९५० च्या दशकापासून पासपोर्टशिवाय ये-जा करणाऱ्यांना हा धक्काच होता. २०१९ मध्ये नॉर्डिक देशांच्या पंतप्रधानांनी २०३० पर्यंत जगातला सगळ्यात शाश्वत आणि एकात्म प्रदेश व्हायचं ठरवलं, आणि मंत्रिपरिषदेच्या २०२१ च्या बजेटपासून पैसा हवामान आणि पर्यावरणाकडे वळला, कात्री लागली संस्कृती आणि शिक्षणाला. संघटनांनी जोरात विरोध केला. त्यांचं म्हणणं सरळ होतं, एकात्म व्हायचंय तर शेजाऱ्याची भाषा आणि शाळा यावरच कपात का? थोडंफार परत मिळालं, सगळं नाही.