पूर्ण लांबी की ओजाइव्हपर्यंतची? डायला शिव्या घालण्याआधी

डाय (पुंगळीत बुलेट बसवणारा साचा) एक, ती चालवणारा प्रेस एक, बुलेटचा डबाही एकच, आणि तरी भरलेल्या दहा काडतुसांची लांबी कॅलिपरवर दहा तऱ्हेची. मग माणूस डाय उघडून साफ करतो, लॉक रिंग आवळतो, एकेका काडतुसासाठी सीटिंग स्टेम (डायमधला बुलेट ढकलणारा दांडा) वर-खाली करत बसतो आणि शेवटी महागडी नवी डाय मागवतो. तिच्यावरही तेच रडगाणं. बहुतेक वेळा डायमध्ये काही बिघडलेलंच नसतं, मोजायला घेतलेली लांबी चुकीची असते.

हे अमेरिकेत गॅरेजमध्ये प्रेस बसवून रायफलची काडतुसं भरणाऱ्या मंडळींसाठी आहे. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतुसं बनवायला परवाना लागतो, तेव्हा तिकडच्या वाचकांनी कुतूहल म्हणून वाचावं.

पूर्ण लांबी, म्हणजे सीओएएल, तुम्हाला ठाऊक आहे: पुंगळीच्या बुडापासून बुलेटच्या टोकापर्यंत. सामी या अमेरिकन शस्त्र-काडतूस उत्पादकांच्या संस्थेच्या मानकाप्रमाणे ती .308 विंचेस्टरला जास्तीत जास्त 2.810 इंच, 6.5 क्रीडमूरला 2.825, .223 रेमिंग्टनला 2.260. काडतूस मॅगझिनमध्ये मावेल का, हे या आकड्यावरून कळतं. त्याची खरी नोकरी एवढीच.

दुसरी लांबी सीबीटीओ: पुंगळीच्या बुडापासून ओजाइव्हवरच्या एका ठरावीक व्यासापर्यंत. ओजाइव्ह म्हणजे बुलेटचा टोकाकडे निमुळता होत जाणारा बाक. कॅलिपरच्या जबड्याला कंपॅरेटर लावायचा, त्यात आपल्या कॅलिबरचं इन्सर्ट बसवायचं. इन्सर्टचं भोक बुलेटच्या व्यासापेक्षा थोडं लहान असतं, त्यामुळे ते बाकावर जिथे अडतं तिथून माप मिळतं. नळीतल्या पिळाच्या उंच कडा, म्हणजे लँड्स, बुलेटला पहिल्यांदा साधारण याच जागी भेटतात.

आता खरी गोम. सीटिंग स्टेम बुलेटला टोकावर दाबत नाही, निदान दाबू नये. त्याच्या पोटातली खोलगट वाटी बाकावर कुठेतरी टेकते आणि तिथून बुलेट खाली ढकलते. म्हणजे डाय काम करते बाकाच्या हिशेबाने आणि आपण तपासतो टोकाच्या हिशेबाने. मॅच बुलेटचं उघडं टोक नीट पाहा: जाकीट, म्हणजे वरचं तांब्याचं आवरण, ओढून जिथे मिटवलेलं असतं तिथे कडा खडबडीत असते, आणि एकाच डब्यातल्या दोन बुलेटमध्ये दहा थाऊंचा फरक सहज निघतो (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). शिशाच्या मऊ टोकाचं तर विचारूच नका, ते डब्यातच चेपलेलं असतं. फेटा बांधून उंची मोजायची आणि पोरगा रोज वाढतो-घटतो म्हणून डॉक्टरकडे न्यायचं, तशातला हा प्रकार.

तेव्हा नियम सरळ आहे. सीओएएल हलतोय पण सीबीटीओ एक-दोन थाऊंच्या आत आहे? डायला हात लावू नका. सगळं ठीक आहे.

सीबीटीओच हलत असेल तर मात्र दुखणं खरं. मी आधी स्टेम बघतो. बुलेटच्या पुढच्या भागावर मार्करची शाई फासा, एक काडतूस भरा आणि शाई कुठे खरवडली ते पाहा. बाकावर गोल रिंग उमटली तर उत्तम. टोकच घासलं गेलं असेल, तर लांब नाकाची व्हीएलडी (हवेचा विरोध कमी असलेल्या) धाटणीची बुलेट स्टेमच्या वाटीच्या तळाला टेकतेय, म्हणजे टोकांचा सगळा खडबडीतपणा आता थेट सीबीटीओत उतरतोय. त्या आकाराचा स्टेम वेगळा मिळतो, तो घ्या. रिंग नुसती शाईत नाही तर तांब्यातच रुतली असेल, तर बुलेट फार जोर लावून आत जातेय: पुंगळीच्या तोंडाची आतली कड चॅम्फर केलेली (तिरकी घासलेली) नाही, पुंगळीची मान, म्हणजे बुलेट धरणारा तोंडाकडचा भाग, फार घट्ट आहे, किंवा स्टेमची धार पॉलिश करायला हवी. स्टीलच्या पिनांनी धुऊन आरशासारख्या चकचकीत केलेल्या पुंगळ्यांचं कौतुक मला कधीच कळलं नाही. मानेच्या आतला काजळीचा पातळ थर बुलेटला सरकायला मदत करतो. तोच घालवायचा आणि मग बुलेट अडकत-अडकत जाते म्हणून तक्रार करायची! घालवलाच असेल तर कोरडं ग्रॅफाइट लावा. आणि पावडर दाबली जात असेल, बुलेट बसवताना करकर ऐकू येत असेल, तर बसवलेली बुलेट हळूच परत वर येते. तिथे डाय काहीच करू शकत नाही.

बुलेट बसली पण काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या त्याच्या जागेत, जातच नाही आणि पुंगळीचा खांदा फुगलेला दिसतो, ही भानगड निराळी. डायचं अंग फार खाली आलंय आणि बुलेट आत सरकत असतानाच तोंडाला क्रिंप बसतोय, म्हणजे कड बुलेटवर आवळली जातेय. अंग एक आटा वर घ्या. क्रिंप हवाच असेल तर तो वेगळ्या डायने, वेगळ्या फेरीत.

दोन लांब्यांच्या घोळाची दुसरी बाजू जास्त घातक आहे. लांब नाकाच्या बुलेटचा पुस्तकातला सीओएएल उचलून आखूड, बोथट नाकाच्या बुलेटला लावला, की पूर्ण लांबी तीच राहते पण बाक पुढे सरकतो. मॅगझिनमध्ये काडतूस झकास मावतं, चेंबरमध्ये मात्र बुलेट लँड्समध्ये रुतते आणि दाब वाढतो. न झाडता बोल्ट मागे ओढला तर बुलेट नळीतच अडकून पावडर अ‍ॅक्शनमध्ये सांडते, ती वेगळीच शोभा. बुलेट बदलली की लँड्सपर्यंतचं अंतर पुन्हा मोजायचं आणि पावडरचं माप पुस्तकातल्या सुरुवातीच्या आकड्यापासून पुन्हा चढवत न्यायचं. यात सूट नाही.

आणि माझा सगळ्यात आवडता वैताग: “.308 ला तुमचा सीबीटीओ किती?” अहो, माझा आकडा घेऊन तुम्ही काय करणार? दोन कंपन्यांच्या इन्सर्टची भोकं वेगळी, म्हणजे त्याच काडतुसाचे आकडेही वेगळे. माझ्या रायफलचा थ्रोट (चेंबरपुढचा, लँड्स सुरू होतात तिथला नळीचा भाग) माझ्या रायफलचा. सीओएएल निदान परक्याला सांगता येतो. सीबीटीओ फक्त आपल्याच रायफलच्या, आपल्याच इन्सर्टने मोजलेल्या लँड्सच्या आकड्याशी ताडायचा. विचारायचंच असेल तर “लँड्सपासून किती थाऊ मागे ठेवता?” असं विचारा, त्याचं उत्तर निदान काही सांगतं. तेही कायमचं नाही, कारण गोळ्या झाडून थ्रोट झिजतो आणि लँड्स पुढे सरकतात. म्हणून डब्यावरच्या चिठ्ठीवर दोन्ही लांब्या, इन्सर्ट कोणतं, बुलेटचा लॉट आणि लँड्स शेवटचे मोजले ती तारीख, एवढं लिहून ठेवत जा.