ॲशच्या झाडाला लागणारा हिरवा भुंगा आणि त्याला मारणाऱ्या बारीक माश्या

नमस्कार मंडळी! कँटन, नोव्हाय साइडचे आपले कस्टमर हल्ली विचारतात की ॲशच्या झाडाला औषध नको, त्या भुंग्याला मारणाऱ्या मित्रकीटक माश्या (बारीक गांधीलमाश्याच म्हणा) सोडता का? तर आधीच सांगतो, त्या आम्ही विकत नाही, आणि कोणी विकायला आलं तर पैसे देऊ नका. आपल्या मिशिगनमध्येच ब्रायटनला यूएसडीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या लॅबमध्ये त्या वाढवतात आणि जंगलात, पार्कात सोडायला सरकारी खात्यांना फुकट देतात.

हा भुंगा म्हणजे एमराल्ड ॲश बोरर, मूळचा चीन-रशियाकडचा, २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला, बहुतेक मालाच्या लाकडी पॅकिंगमधून आला असावा. भुंगा नुसती पानं कुरतडतो, त्याने फार बिघडत नाही, खरा घात अळी करते, सालीखाली नागमोडी बोगदे पाडत जाते आणि झाडाचं अन्नपाणी तुटून ते शेंड्याकडून वाळायला लागतं.

तिकडे त्याला आवरणाऱ्या माश्या आहेत, इथे नव्हत्या, म्हणून नीट तपासून २००७ पासून इथे सोडायला लागले. त्यातली ऊबियस नावाची माशी जेमतेम एक मिलिमीटरची, भुंग्याच्या अंड्यातच आपलं अंडं घालते, गावाकडे उसाला मित्रकीटकांचं ट्रायकोकार्ड लावतात ना, अगदी तसंच काम. दुसरी माशी टेट्रास्टिकस, ती अळीला गाठते, साल सोलून बघितली तर अळीच्या पोटात तिची पांढरी पिल्लं गच्च भरलेली दिसतात! पण तिची अंडी घालायची सुई दोन-अडीच मिलिमीटरच, जाड सालीतून पोचतच नाही. त्यासाठी रशियातली लांब सुईची स्पॅथियस गॅलिनी आणली, तिला २०१५ मध्ये परवानगी मिळाली. यातली कुठलीच माणसाला चावत नाही, पोरंबाळं खुशाल खेळू द्या.

तरीही तुमचं मोठं जुनं झाड सध्या तरी माश्यांच्या भरवशावर सोडू नका, त्याला एमामेक्टिन या कीटकनाशकाचं खोडात इंजेक्शनच लागतं, पानं फुटल्यावर मे-जूनमध्ये, साधारण दर दोन वर्षांनी. एक तृतीयांशाहून जास्त फांद्या वाळल्या असतील तर आम्ही इंजेक्शन सुचवतच नाही.

पण कुंपणामागे आपोआप उगवलेली मनगटाएवढी ॲशची झाडं असतात ती प्लीज तोडायला सांगू नका, टेट्रास्टिकसचं काम सगळ्यात चांगलं तिथेच चालतं आणि पुढची ॲश तीच आहेत. खोडावर सुतार पक्ष्याने साल सोलल्याचे फिकट पट्टे किंवा इंग्रजी डी अक्षरासारखी तीन मिलिमीटरची भोकं दिसली, तर फोटो काढून व्हॉट्सॲप करा, बघायला येण्याचे पैसे आम्ही घेत नाही.