मानव विकास आणि ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्था

माणसाला निरोगी दीर्घायुष्य, शिक्षण आणि बरे राहणीमान लाभून आपल्या मनाजोगे जगण्याच्या त्याच्या वाटा वाढणे, याला मानव विकास म्हणतात. ज्या अर्थव्यवस्थेत जमीन, खनिजे किंवा नुसती अंगमेहनत यांपेक्षा माहिती, कौशल्य, संशोधन आणि तंत्रज्ञान यांतून संपत्ती निर्माण होते, ती ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्था. या दोहोंना शिक्षण जोडते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. ही जोडणी शाळेच्या कितीतरी आधी, बाळंतिणीच्या खोलीतच सुरू होते.

ज्ञानाकडे आर्थिक शक्ती म्हणून पाहण्याची सुरुवात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी 1959 मध्ये डोक्याने काम करणाऱ्या नव्या कामगारवर्गाला ‘नॉलेज वर्कर’ हे नाव दिले. अर्थतज्ज्ञ फ्रिट्झ माखलुप यांनी 1962 मध्ये अमेरिकेतील ज्ञाननिर्मितीचा आर्थिक हिशेब मांडला. पॉल रोमर यांनी 1990 मध्ये दाखवून दिले की, एकाने वापरली म्हणून दुसऱ्याच्या वाट्याची कल्पना कमी होत नाही आणि त्यामुळे ज्ञान हे वाढीचे वेगळ्याच जातीचे इंधन आहे. या कामासाठी त्यांना 2018 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. विद्याधन खर्चल्याने वाढते, हे सुभाषित आपल्याकडे शाळेतच पाठ होते. मात्र विद्या वाटल्याने कमी होत नसली, तरी ती घेण्याची ताकद सगळ्यांकडे सारखी नसते. मानव विकासाचा संबंध येतो तो इथे.

याच 1990 मध्ये पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा पहिला मानव विकास अहवाल निघाला. त्यामागच्या विचाराला अमर्त्य सेन यांच्या क्षमतांच्या, म्हणजे माणूस प्रत्यक्षात काय करू आणि होऊ शकतो याच्या, मांडणीचा आधार होता. आयुर्मान, शिक्षण आणि दरडोई उत्पन्न या तीन घटकांवरून मानव विकास निर्देशांक काढतात. 2025 च्या अहवालात भारत 193 देशांत 130 वा असून त्याचा निर्देशांक 0.685 आहे. जागतिक बँकेने ज्ञान अर्थव्यवस्था मोजण्यासाठी चार खांब धरले : आर्थिक व संस्थात्मक चौकट, शिक्षण, नवनिर्मिती आणि माहिती तंत्रज्ञान. दोन्ही मोजमापांत देशांचे क्रम बरेच जुळतात. त्यावरून एक दुसऱ्याचे कारण आहे असा निष्कर्ष घाईने काढू नये. शिक्षण दोन्हीकडे मोजलेले असल्याने काही जुळणी आपोआपच होते.

कारण शोधायचे तर क्रम पाहावा लागतो. दक्षिण कोरियाने युद्धातून सावरता सावरता 1950 च्या दशकातच प्राथमिक शिक्षण जवळजवळ सर्वदूर पोचवले. विज्ञान व तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संशोधन संस्था तिथे 1966 मध्ये उभी राहिली. भारतात पहिली आयआयटी खरगपूरला 1951 मध्ये सुरू झाली, तर 6 ते 14 वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 2009 मध्ये झाला. आपण शिखर आधी बांधले. त्या शिखरावरूनच पुढे बंगळूर, हैदराबाद आणि पुण्याजवळचे हिंजवडी इथला माहिती तंत्रज्ञानाचा व्यवसाय वाढला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण पायाकडे दुर्लक्ष होत असल्याची जाणीव महाराष्ट्राला फार आधी करून देण्यात आली होती. जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात रयतेच्या कष्टातून आलेला महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो असे दाखवून, प्राथमिक शिक्षण ठरावीक वयापर्यंत सक्तीचे करण्याची मागणी केली होती.

हा पाया अजून कच्चा आहे. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील पाच वर्षांखालील 35.5 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. पहिल्या दोन वर्षांतले कुपोषण शरीराइतकेच मेंदूच्या वाढीलाही मारक असते. नंतर कितीही संगणक दिले, तरी ते पूर्णपणे भरून निघत नाही. त्याच पाहणीत इंटरनेट कधीतरी वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण 57.1 टक्के, तर स्त्रियांचे 33.3 टक्के आढळले. महाराष्ट्रात मागास तालुक्यांसाठी मानव विकास कार्यक्रम चालतो. गावातून तालुक्याच्या शाळेत मुलींना नेणारी एसटीची निळी बस त्यातलीच. सातवीनंतर शाळा लांब असली की आधी मुलीची शाळा सुटते, म्हणून अशा भागात ही बस वेळेवर येणे हा ज्ञान अर्थव्यवस्थेचाच प्रश्न आहे.

या नात्याची उलटी बाजू, म्हणजे ज्ञानातून मानव विकास, गडचिरोलीत जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच दिसते. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेला तिथे बालमृत्यूंचे एक मोठे कारण न्यूमोनिया असल्याचे आढळले. या आजाराचे निदान श्वासांच्या वेगावरून होते, पण गावातल्या निरक्षर दायांना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हते. तेव्हा मण्यांचे एक साधे साधन तयार झाले. शेजारी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकवावा लागला, तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजायचे. मोजणीचे अवघड काम मण्यांनी उचलले आणि नजर, हात व अनुभव दाईचाच राहिला.

पुढे याच भागात गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत 39 गावांत वापरून पाहण्यात आली. या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या जिल्ह्याला सगळे मागास म्हणत, तिथे हे ज्ञान निर्माण झाले. 2011 पासून केंद्र सरकारने घरोघरी नवजात काळजीचा कार्यक्रम देशभरच्या आशा कार्यकर्त्यांकडे सोपवला. बाळ दवाखान्यात जन्मले असेल तर सहा वेळा, घरी जन्मले असेल तर सात वेळा, पहिल्या 42 दिवसांत आशाताई त्या घरी जातात, बाळाचे वजन करतात, थर्मामीटरने ताप आहे का पाहतात आणि आईला अंगावर पाजण्याविषयी सांगतात.