पापणी मिटणारी पाल

भादव्यातली रात्र होती. पाऊस नुकताच उघडला होता. मेळघाटाच्या पायथ्याच्या एका वावरात आम्ही मचाणीवर बसलो होतो. जागलीवरचे काका खाली उतरले आणि धुऱ्यावरून ओरडले, "भाऊ, लवकर या! जहरी पाल हाये!"

मी पोचलो तेव्हा त्यांनी काठी उगारलीच होती. बॅटरीच्या उजेडात, धुऱ्यावरच्या दगडांपाशी, वितीहून जरा मोठा एक प्राणी उभा होता. पिवळसर अंग, त्यावर गडद ठिपके, जाड शेपूट. चारही पायांवर पोट उचलून धरलेलं.

"काका, मारू नका. आधी तिचा डोळा पाहा."

तिनं डोळा मिटला. सावकाश, पापणी लावून. मग उघडला.

आपल्या घरातल्या पालीला हे जमत नाही. तिला पापणीच नसते. डोळ्यावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो आणि त्यावर धूळ बसली की ती जिभेनं पुसून काढते. ही मात्र पापण्यांची पाल, म्हणून तिच्या प्रजातीचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, शास्त्रीय नाव युब्लेफारिस. ग्रीक भाषेत ब्लेफारॉन म्हणजे पापणी. ठिपक्यांमुळे तिला बिबट पाल म्हणता येईल. सातपुड्यातल्या या जातीला युब्लेफारिस सातपुराएन्सिस हे नाव मिळालं ते 2014 साली, झीशान मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून. डोंगर तोच, पाल तीच, पण विज्ञानाच्या वहीत तिची वेगळी नोंद व्हायला एवढा काळ लागला. मला याचं अजूनही नवल वाटतं.

दुसरा फरक पायात आहे. घरपालीच्या बोटांखाली अतिसूक्ष्म केसांच्या गाद्या असतात. केसाची टोकं भिंतीच्या इतकी जवळ जातात की रेणूंमधल्या ओढीनंच पाय चिकटतो. त्यात गोंद वगैरे काही नसतो. बिबट पालीला त्या गाद्या नाहीत, साधी नखं आहेत. त्यामुळे ती भिंतीवर, छतावर दिसायची नाही. तिचं जग जमिनीवरचं: दगडांच्या फटी, पालापाचोळा, बिळं. दिवसभर तिथं दडायचं आणि रात्री किडे, कोळी, कधी विंचूही टिपायचे.

ती जाड शेपूट म्हणजे तिची कणगी आहे. चांगल्या दिवसांत चरबी तिथं साठते आणि अडचणीच्या दिवसांत कामी येते. शत्रूनं पकडलंच तर ती शेपूट तोडून देते. तुटलेला तुकडा वळवळत राहतो, शत्रू त्यातच गुंततो आणि ही निसटते. नवी शेपूट येते, पण तिच्यात मणके नसतात, कूर्चेची कांडी असते. आकारही आखूड, कंदासारखा फुगीर.

विषाचं म्हणाल, तर जगातली एकही पाल विषारी नाही. धरलं तर ही चावेल, जोरात चावेल, पण त्यानं कोणी मरत नाही. लोकांची भीती मी समजू शकतो. अंधारात असं ठिपकेदार काही समोर आलं की हात काठीकडेच जातो. पिल्लं तर आणखी गोंधळात टाकतात. त्यांच्या अंगावर ठिपक्यांऐवजी गडद आणि फिकट आडवे पट्टे असतात, आणि लोकांना ती वेगळीच जात वाटते.

मादी एका वेळी बहुधा दोनच अंडी घालते, ओलसर मातीत, दगडाच्या आडोशाला. या पालीच्या जवळच्या नात्यातल्या, पाकिस्तान-अफगाणिस्तानकडच्या जातीत पिल्लू नर होणार की मादी, हे मातीची उष्णता ठरवते. साधारण 26 अंशांना माद्या, 32-33 अंशांना बहुतेक नर आणि 34 च्या वर पुन्हा माद्याच.

काकांनी काठी खाली ठेवली. पाल दोन दगडांच्या फटीत शिरली. सगळ्यात शेवटी शेपूट आत गेली.

"हा ढीग तं उन्हाळ्यात ट्रॅक्टरनं काढून टाकाचा होता," काका म्हणाले.

मी म्हटलं, धुऱ्याच्या टोकाला थोडे दगड राहू द्या. आणि काढताना कुठं पांढरी, मऊ कवचाची अंडी दिसली, तर ती उलटीपालटी न करता, आहेत तशीच मातीनं झाकून ठेवा. अंड्यातलं पिल्लू एका बाजूला चिकटून वाढतं. अंडं फिरलं की ते मरू शकतं.