पार्श्वभूमी : आलिम मौलाना आझाद राजकारणात कसे आले

देशाचे पहिले शिक्षणमंत्री आणि फाळणीला विरोध करणारे काँग्रेस अध्यक्ष, एवढ्यावर मौलाना अबुल कलाम आझाद यांची ओळख बहुतेक ठिकाणी आटोपते. पण ते आधी आलिम, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचे विद्वान होते, कुराणाचे भाष्यकार होते. त्यांच्या राजकारणातला प्रत्येक युक्तिवाद त्या विद्येतून आलेला आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ चा, मक्केतला. वडील मौलाना खैरुद्दीन हे पीर, म्हणजे सूफी गुरू, मुरीदांचा (शिष्यांचा) मोठा परिवार असलेले. मुलगा दोन वर्षांचा असताना कुटुंब कोलकात्याला आले. वडिलांच्या पायाचे मोडलेले हाड नीट बसले नव्हते आणि त्यावर कोलकात्यात उपचार होतील असे त्यांना सांगण्यात आले होते. नव्या शिक्षणावर वडिलांचा विश्वास नव्हता. मुलाला त्यांनी मदरशातही धाडले नाही, घरीच शिकवले. आझाद कैरोच्या अल-अझहर विद्यापीठात शिकले असे आजही छापून येते, ते खरे नाही. १९०८ मध्ये ते इजिप्तला गेले ते प्रवासी म्हणून, आणि ही चूक त्यांनी स्वतःच्या आत्मकथनात दुरुस्त केली आहे.

घरी शिकवला तो दर्स-ए-निजामी, म्हणजे लखनौच्या फिरंगी महलमधल्या मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावाने चालत आलेला अठराव्या शतकातला अभ्यासक्रम. त्यात अरबी व्याकरण, तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, फिकह (धर्मकायदा), हदीस (प्रेषितांची वचने आणि आचरण) आणि तफसीर (कुराणाचे भाष्य) येते. साधारण विद्यार्थी तो विसाव्या ते पंचविसाव्या वर्षी पुरा करी. शिकलेले दुसऱ्याला शिकवून दाखवल्याशिवाय तो पुरा झाला असे मानत नसत. आझादांनी तो सोळाव्या वर्षी संपवला. वडिलांनी पंधराएक विद्यार्थी जमवले आणि या पोराने त्यांना तत्त्वज्ञान, गणित आणि तर्कशास्त्र शिकवले. पण याच सुमारास वाडवडिलांकडून आलेल्या श्रद्धेविषयी त्याच्या मनात शंका उठू लागल्या. मोठमोठ्या आलिमांनी सांगितले म्हणून मान्य करायचे, या तकलीदच्या रीतीपासून सुटलो, हे सांगण्यासाठी त्यांनी ‘आझाद’ हे टोपणनाव घेतले. पिराची गादी चालवायचीही त्यांना इच्छा नव्हती.

१३ जुलै १९१२ रोजी कोलकात्यातून ‘अल-हिलाल’ साप्ताहिक निघाले. तोवर उर्दू पत्रे बहुधा कातिब, म्हणजे सुलेखनकार, हाताने लिहायचा आणि ती शिळाप्रेसवर छापली जायची. हे पत्र टाइपात, छायाचित्रांसह निघू लागले. आझादांच्या म्हणण्यानुसार दोन वर्षांत खप २६,००० वर गेला. मजकूर कुराणाच्या आयतींनी भरलेला असायचा आणि निष्कर्ष मात्र थेट राजकीय निघायचा: परक्या सत्तेपुढे मान तुकवणे हे इस्लामला धरून नाही. सरकारने त्यावर १९१० चा प्रेस कायदा वापरला. या कायद्याची चाल तीन पायऱ्यांची होती. पहिल्यांदा ५०० ते २,००० रुपये जामीन भरायचा. तो जप्त झाला की पुन्हा छापखाना चालवायला १,००० ते १०,००० रुपये. तोही गेला की छापखान्यावरच टाच. आझादांकडून आधी २,००० आणि मग १०,००० वसूल झाले, दोन्ही रकमा बुडाल्या आणि पत्र बंद पडले. नोव्हेंबर १९१५ मध्ये त्यांनी ‘अल-बलाग’ हे नवे पत्र काढले. तेव्हा प्रेस कायद्याने हा माणूस आवरत नाही हे सरकारला कळून चुकले. एप्रिल १९१६ मध्ये भारत संरक्षण कायद्याखाली त्यांना बंगालबाहेर काढले गेले. पंजाब, दिल्ली, संयुक्त प्रांत आणि मुंबई इलाख्यात आधीच बंदी होती. उरला बिहार. ते तेव्हा बिहारमध्ये असलेल्या रांचीला गेले आणि १९१९ अखेरपर्यंत तिथेच नजरकैदेत राहिले.

याच काळात त्यांच्या आयुष्यातले मुख्य विद्वत्कार्य, कुराणाचा उर्दू अनुवाद आणि भाष्य असलेले ‘तर्जुमान-उल-कुरान’, पोलिसांच्या हाती सापडत राहिले. झडतीत हस्तलिखिते गेली, त्यांनी पुन्हा लिहायला घेतले. १९२१ च्या अटकेनंतर पुन्हा कागद उचलले गेले आणि परत मिळाले ते फाटक्या, विस्कटलेल्या पानांचा ढीग होऊन. असे काम पुन्हा उभे करणे म्हणजे नुसती नक्कल करणे नव्हे. टिपा, संदर्भ, शब्दांची निवड, सारेच पुन्हा मांडावे लागते. पहिला खंड १९३१ मध्ये आणि दुसरा १९३६ मध्ये निघाला.

आलिमाचा राजकारणी नेमका कधी झाला, याचे उत्तर माझ्या मते १९२० ते १९२४ या चार वर्षांत आहे. जानेवारी १९२० मध्ये त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि ते असहकारात उतरले. हिंदूंशी एकजूट करायला धर्माचा आधार काय, या प्रश्नावर त्यांनी प्रेषितांनी मदिनेत केलेला करार पुढे केला. त्यात मुस्लिम आणि बिगरमुस्लिम टोळ्यांना मिळून ‘उम्मत वाहिदा’, एक समाज, म्हटले आहे. पण त्यांची खरी योजना आणखी मोठी होती. हिंदुस्थानातल्या मुस्लिमांचा एक अमीर किंवा इमाम निवडायचा आणि सगळ्या उलेमांनी (आलिमांनी) त्याचे ऐकायचे. १९२१ मध्ये लाहोरला जमियत-उल-उलेमा या आलिमांच्या संघटनेच्या अधिवेशनात हा विषय निघाला, पण एकमत झाले नाही. वेगवेगळ्या पंथांचे आणि मदरशांचे आलिम तिशी-पस्तिशीतल्या कोणा एकाच्या हाती धर्माचा अधिकार सोपवायला तयार नव्हते. मग ३ मार्च १९२४ रोजी तुर्कस्तानने खिलाफत, म्हणजे खलिफाचे पदच, रद्द केली. ज्या संस्थेच्या रक्षणासाठी हिंदुस्थानात खिलाफत आंदोलन उभे राहिले, तीच उरली नाही. धार्मिक नेतृत्वाचा रस्ता असा दोन्ही बाजूंनी बंद झाला. तोवर सप्टेंबर १९२३ मध्ये, वयाची पस्तिशी पुरी होण्याआधीच, ते दिल्लीच्या विशेष अधिवेशनात काँग्रेसचे अध्यक्ष झाले होते.

मार्च १९४० मध्ये रामगढ अधिवेशनात ते पुन्हा अध्यक्ष झाले. मी मुसलमान आहे, इस्लामच्या तेराशे वर्षांच्या वारशातले काहीही सोडायला तयार नाही, आणि तितकाच भारतीय राष्ट्रीयत्वाचा न तुटणारा भाग आहे, असे त्यांनी तिथे मांडले. काही दिवसांतच मुस्लिम लीगने मुस्लिमबहुल प्रदेशांची वेगळी राज्ये मागणारा लाहोर ठराव केला.

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पकडून त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. सोबत नेहरू, पटेल, नरेंद्र देव, शंकरराव देव होते. भल्या पहाटे उठून, दुधाविना चिनी चहा घेत ते नवाब हबीबुर रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहीत. ती टपालात पडणार नाहीत हे ठाऊक असूनही लिहीत. ९ एप्रिल १९४३ रोजी पत्नी झुलेखा बेगम कोलकात्यात वारल्या. आजार बळावला तेव्हा, सरकारला काही कळवायचे असेल तर कळवतो, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचवले होते. त्यांनी विनंती केली नाही. किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर आहे, कुणाची ते ठाऊक नाही. आधी शेकडो वेळा नजरेखालून गेलेली ती कबर आपण त्या संध्याकाळी बराच वेळ पाहत राहिलो, असे त्यांनी पत्रात लिहिले आहे. ही पत्रे १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून छापली गेली.

जानेवारी १९४७ पासून २२ फेब्रुवारी १९५८ ला निधन होईपर्यंत शिक्षण खाते त्यांच्याकडे होते. खरगपूरची आयआयटी, विद्यापीठ अनुदान आयोग, साहित्य अकादमी ही सारी या काळातली कामे. पुढे ‘गुबार-ए-खातिर’ आणि ‘तर्जुमान-उल-कुरान’ यांच्या आवृत्त्या याच साहित्य अकादमीने काढल्या. तर्जुमानचे जे दोन खंड त्यांनी स्वतः प्रसिद्ध केले, ते कुराणाच्या ११४ सूरांपैकी (अध्यायांपैकी) तेविसाव्या, ‘अल-मुमिनून’पाशी थांबतात. तिसरा खंड त्यांच्या हयातीत निघाला नाही.